आजचं चिंतन : बिनधुराची आग (गीता, अध्याय १८, श्लोक ४८)



आजच्या श्लोकाचा आशय साधा आहे. आग पेटवली की धूर आलाच, तसं कुठलंही काम हाती घ्या, त्यात काहीतरी खोट निघणारच. तेवढ्यासाठी आपल्या वाट्याचं काम टाकू नये.

आमच्या ओव्यात वाचनाला येणाऱ्या एका मुलाकडे सध्या दोन ऑफर आहेत. तळोजा एमआयडीसीत प्रोसेस इंजिनिअर, नाहीतर ऐरोलीला आयटी कंपनीत डेटाचं काम. पहिल्यात शिफ्ट आहे, पण शिकलेलं वापरता येईल. दुसऱ्यात पगार बरा, प्रवास मोठा. शुक्रवारपर्यंत कळवायचंय, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे आणि हा तीन आठवडे एक्सेलमध्ये मार्क मांडत बसलाय. वर म्हणतो, देवाची काहीतरी खूण मिळू दे. म्हणजे देवाने धूर नसलेली आग दाखवावी!

विनोबा आपल्याच रायगड जिल्ह्यातले, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेला हा वीस वर्षांचा मुलगा मध्येच सुरतेला उतरला आणि काशीला गेला. (परीक्षा सोडा असं मी सांगत नाहीये हं, नाहीतर तुमच्या आया मला धरतील.) मनात दोन ओढी होत्या : हिमालयात साधना किंवा बंगालमध्ये क्रांती. काशीत गांधीजींचं भाषण वाचनात आलं, पत्रव्यवहार झाला आणि ७ जूनला ते अहमदाबादच्या कोचरब आश्रमात पोचले. गांधीजी तेव्हा भाजी चिरत होते. त्यांनी याच्याही हातात सुरी दिली.

हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती दोन्ही तिथे मिळाली, असं विनोबा पुढे सांगत. पण ते सुरी हातात घेतल्यावर. काशीत बसून याद्या करून ते कळलं नसतं. आणि एक वाट धरली म्हणून बाकीचं सगळं सुटलं असंही नाही. १९१७ मध्ये रजा घेऊन ते वाईला संस्कृत ग्रंथ शिकायला गेले आणि परत आले. गीताई लिहायला घेतली ती १९३० मध्ये, पस्तिसाव्या वर्षी.

एक भेद मात्र नीट बघा. खोटं बोलायला लावणारं, कुणाला फसवायला लावणारं काम असेल तर तो धूर नव्हे, तिथे आगच चुकीची आहे. ती ऑफर सरळ बाजूला काढा. नाईट शिफ्ट, हार्बर लाइनची गर्दी, कटकट्या साहेब, हा सगळा धूर.

आजचा अभ्यास : दोन्ही कामांच्या खाली फक्त त्यांचा धूर लिहा. कुठला आपल्याला जास्त सोसवेल ते घरच्यांशी एकदा बोला. मग नामस्मरण करून एचआरला मेल टाका आणि ती एक्सेल शीट डिलीट करा.

उद्या श्लोक ४९.