पेरणीनंतरचा भरवसा

मृगाचा पाऊस पडला की वर्धा जिल्ह्यातील शेतकरी काळ्या जमिनीत सरकी पेरतो आणि आभाळाकडे पाहू लागतो. हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, देवळी या भागांतील बरीचशी कपाशी पावसावरच अवलंबून आहे. पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी, त्यातून पीक वाचले तर अळी आणि माल हाती आला तर भावाची चिंता. 2006 साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या 6 संकटग्रस्त जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे अतोनात नुकसान केले. कर्जाने खचलेल्या बांधवाला ‘अल्लाहवर भरवसा ठेव’ असे सांगणे सोपे आहे. परंतु त्या शब्दांचा अर्थ आपण समजून घेतला आहे काय?

तवक्कुल म्हणजे काय?

शिदोरी न घेता निघालेल्या आणि स्वतःला अल्लाहवर विसंबणारे म्हणवणाऱ्या काही लोकांना आदरणीय उमर (र.) यांनी खडसावले, अशी रिवायत आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, खरा मुतवक्किल तो, जो आधी जमिनीत बी टाकतो आणि मग आपल्या पालनकर्त्यावर भिस्त ठेवतो. बी टाकणे हे दासाचे काम. ते उगवणे दासाच्या हाती नाही, याची जाणीव सूरह वाकिआ (आयत 63-64) करून देते.

आदरणीय हाजरा (अ.) यांचे उदाहरण पाहा. तान्ह्या बाळासाठी पाणी शोधत त्या सफा आणि मरवा या टेकड्यांदरम्यान सात वेळा धावल्या. पाणी मात्र त्या टेकड्यांवर नव्हे, बाळापाशी निघाले. तरीही त्यांचे धावणे व्यर्थ गेले नाही. हज व उमरा करणारा प्रत्येक जण आजही तेथे सई करतो. अल्लाहचे भय बाळगणाऱ्यासाठी तो मार्ग काढतो आणि कल्पनाही नसेल तेथून उपजीविका देतो, हे आश्वासन सूरह तलाकमध्ये (आयत 2-3) आहे.

संकटात शुक्र कसा करावा?

शुक्र म्हणजे दुःख नाकारणे नव्हे. आदरणीय याकूब (अ.) पुत्रवियोगात इतके शोकाकुल झाले की त्यांचे डोळे पांढरे पडले, तरीही त्यांनी मुलांना अल्लाहच्या कृपेपासून निराश न होण्याची ताकीद दिली (सूरह यूसुफ, आयत 84, 87). अश्रू ईमानाच्या विरुद्ध नाहीत, निराशा आहे. जीव ही अमानत आहे आणि तो स्वतःच्या हाताने संपवण्यास कुरआनने मनाई केली आहे (सूरह निसा, आयत 29).

शुक्र केवळ जिभेने पूर्ण होत नाही. दाऊद (अ.) यांच्या घराण्याला कृतीतून शुक्र करण्याचा आदेश होता (सूरह सबा, आयत 13). ज्याच्या घरी पीक आले, त्याच्यासाठी ही कृती म्हणजे उश्र: पावसावर पिकलेल्याचा दहावा हिस्सा, मेहनतीने पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा.

सुटका कोणाच्या हातून?

अल्लाह पुष्कळदा एका दासाची सुटका दुसऱ्या दासाच्या हातून करतो. म्हणूनच कर्जात बुडालेल्यांना जकातीच्या हक्कदारांमध्ये स्थान आहे (सूरह तौबा, आयत 60) आणि अडचणीतील ऋणकोला सवड द्यावी, कर्ज माफ केले तर ते अधिक उत्तम, अशी शिकवण आहे (सूरह बकरा, आयत 280). शेजारी एकटा झुरत असताना त्याला केवळ धीराचा उपदेश करणे म्हणजे आपल्या वाट्याचे काम त्याच्यावर ढकलणे होय.

तेव्हा या हंगामात ज्याचे शेत पिकले, त्याने ज्याचे बुडाले त्याच्या दारी जावे. एकाचा शुक्र दुसऱ्याची सुटका ठरू शकतो.

अल्लाह आपणा सर्वांना संयम, शुक्र आणि खरा भरवसा प्रदान करो. आमीन.