सबमिट म्हणजे नेमकं काय रे भाऊ?

सेमिस्टरचे शेवटचे पंधरा दिवस आले की होस्टेलवर एकच प्रश्न ऐकू येतो, "सबमिशन झालं का रे?" आपण त्याचा अर्थ 'जर्नल जमा करणे' असा धरतो. पण मूळ शब्दाचा जमा करण्याशी काडीचा संबंध नाही!

लॅटिनमध्ये 'सब' म्हणजे खाली (सबवे, सबमरीन आठवा) आणि 'मिट्टेरे' म्हणजे पाठवणे, सोडणे. दोन्ही मिळून खाली पाठवणे. हे 'मिट्टेरे' आपल्या सिलॅबसभर पसरलेलं आहे. गाडीतलं ट्रान्समिशन, ट्रान्झिस्टरचा एमिटर, डीआरडीओचं मिसाइल, सगळी एकाच घरची मंडळी. खरी गंमत म्हणजे आपली मेससुद्धा त्यातलीच! लॅटिन 'मिस्सुस' म्हणजे टेबलावर ठेवलेला, वाढलेला पदार्थ. तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'मेस' झाला. पसारा, गोंधळ हा अर्थ नंतरचा. (रविवारची फीस्ट सोडली तर आम्हाला नंतरचाच जास्त पटतो.)

पण खाली म्हणजे कशाच्या खाली? रोमन लोकांत 'जुवाखाली पाठवणे' असा वाक्प्रचार होता आणि त्यात हेच 'सब' अन् हेच 'मिट्टेरे' आहे. इ.स.पू. 321 मध्ये दक्षिण इटलीतल्या कॉडियमच्या खिंडीत सॅम्नाइट लोकांनी रोमन फौज दोन्ही बाजूंनी कोंडली. लढाई करायलाही जागा नाही. शेवटी शरणागती. असं जू भाल्यांचं करत, दोन उभे रोवून तिसरा वर आडवा बांधत. शस्त्रं टाकून, अंगावर जेमतेम एक वस्त्र ठेवून प्रत्येकाने त्याखालून वाकून जायचं. लिव्ही हा इतिहासकार लिहितो की सर्वांत आधी दोन्ही कॉन्सलना जावं लागलं. बाय द वे, लॅटिन 'युगुम', इंग्रजी 'योक' आणि आपल्या बैलांच्या मानेवरचं जू हे सख्खे भाऊ आहेत.

इंग्रजीत चौदाव्या शतकात सबमिट आला तो याच अर्थाने: शरण जाणे, स्वतःला दुसऱ्याच्या हाती देणे. कागद विचारासाठी पुढे ठेवणे हा अर्थ सोळाव्या शतकातला. आपले 'सुपूर्द करणे', 'हवाली करणे' हे शब्द फारसी-अरबीतून आले. त्यांत वस्तू फक्त हात बदलते. 'सोपवणे' मात्र 'समर्पण'वरून आलं, म्हणून ते सबमिटच्या जास्त जवळचं.

होस्टेलवर खाली काय जातं? जीटी मारताना काचेखाली बल्ब, त्यावर मित्राची शीट आणि सर्वांत वर आपली. म्हणजे खाली जाते ती मित्राची मेहनत, आपण वरच्यावर!

हे मी कुणाला शिकवायला लिहीत नाही. सेकंड इयरला व्हेंचुरीमीटरच्या प्रॅक्टिकलला माझा कोइफिशंट ऑफ डिस्चार्ज 1.14 आला. तो एकाच्या वर जायला नको एवढं मलाही कळत होतं, पण आलं ते लिहिलं. सरांनी लाल रेघ मारून जर्नल परत केलं. मग सीनियरच्या जर्नलमधून 0.97 उतरवला, दोन मिनिटांत सही.

ओरलला एक्स्टर्नलनी नेमकं तेच पान उघडलं. "मॅनोमीटरमध्ये फरक किती होता?" मला आठवेना. कारण ते रीडिंग माझं नव्हतंच. घाम फुटला आणि खरं सांगून टाकलं. वाटलं, गेला विषय. सर रागावले नाहीत. म्हणाले, "1.14 चं पान कुठंय?" ते मी फाडून टाकलं होतं. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला, आठवतील तेवढी रीडिंग लिहायला लावली आणि विचारलं, "नळीतली हवा काढली होती का?"

"नाही सर."

"मग हेड कमी दिसणारच. आता कोइफिशंट वर का गेला, ते तू सांग."

पुढची वीस मिनिटं मी त्या कागदावर मान खाली घालून बसलो होतो. बाहेर पोरं विचारत होती, आत एवढा वेळ काय चाललंय म्हणून.