दोर ओढून घेण्याआधी

आमच्यापैकी चौघांचं पोट कळंबोलीच्या लोखंड बाजारावर चालतं. आठवडाभर कॉइल, प्लेट, अँगल, क्रेन आणि ट्रेलरची धूळ. शनिवारी रात्री मात्र तिथल्याच मॅकडोनाल्डसमोर सॅका लावून उभं राहायचं, हा आमचा कित्येक वर्षांचा नेम. गडकिल्ले बरेच झाले. पण ज्या एका वाटेने आम्हाला शहाणं केलं, ती सांदण दरी.

सांदण म्हणजे डोंगराला पडलेली चीर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पलीकडे साम्रद गाव आहे. गावापासून थोडं चाललं की सपाट जमीन एकदम दुभंगते आणि त्या भेगेत आपण उतरतो. भिंती दोनशे फुटांच्या वर. एके ठिकाणी हात पसरून उभं राहिलं तर बोटं दोन्ही कातळांना टेकायला थोडीच बाकी राहतात. भर दुपारी आत सावली असते. लाव्हाचे थर थंड होताना कातळात उभ्या चिरा पडतात, पावसाचं पाणी त्या धरून खाली उतरतं आणि चीर खोल होत जाते. ‘सांदीकोपरा’ हा शब्द आपण घरात झाडू मारताना वापरतो. सह्याद्रीची खरी सांदी बघायची असेल तर इथे यावं.

बहुतेक लोक दरीत थोडं आत जाऊन परत साम्रदला येतात. आम्ही फेब्रुवारीत सहा जण गेलो ते पार खाली, ठाणे जिल्ह्यातल्या डेहण्यापर्यंत उतरायला. त्यानंतर दोनदा गेलो आहोत. पुढचं बहुतेक त्या पहिल्या खेपेचं आहे.

१. डोक्यावरचं आभाळ बघून पावसाचा अंदाज बांधू नका.

दरीत उभं राहिलं की वर आभाळाची एक चिंधी दिसते. ती निळी असली म्हणून काही ठरत नाही, कारण पाणी येतं ते वरच्या पठारावरून. घाटघर-रतनवाडीचा पट्टा जिल्ह्यातल्या सगळ्यात जास्त पावसाचा. तिथे पडलेलं पाणी कोकणात उतरायला जी वाट धरतं, त्याच वाटेवर आपण चालत असतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेत ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस तिथे जेमतेमच झाला होता, जोरात पडला तो काही मैल लांब. लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातले पाच जण गेले, ते तर उघड्या ओढ्यात. भिंतींच्या मध्ये तेवढं पाणी आलं तर बाजूला व्हायला बाजूच नाही. म्हणून आमचा नियम झाला आहे. जूनपासून पाऊस पूर्ण ओसरेपर्यंत सांदण बंद. मे महिन्यात वळवाचे ढग दिसले तरी बंद. निघण्याआधी साम्रदच्या माणसाला फोन करून ‘मामा, पाऊस-बिऊस झालाय का तिकडं?’ हे विचारायचंच.

२. परत फिरायचं असेल तर पहिल्या दोराच्या आधी फिरा.

मला सांगायचं आहे ते मुख्यतः इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दरीतून दगडधोंड्यांवरून तासभर उतरलं की एक उभा टप्पा येतो, साधारण ४५ फुटांचा. इथे दोर लागतो. वरच्या कडीतून दोर ओवायचा, दोन्ही पदर खाली सोडायचे, एकेकाने रॅपल करत उतरायचं आणि शेवटचा माणूस खाली आला की एक पदर ओढून दोर काढून घ्यायचा. पुढच्या लहान टप्प्यांना तोच दोर लागतो. पण तो ओढला त्या क्षणी मागची वाट संपते.

‘परतीचे दोर कापले’ हे आपण सहज बोलतो. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर तानाजी मालुसरे पडल्यावर सूर्याजींनी दोर कापल्याची कथा आपण शाळेपासून ऐकत आलो. तिथे मागे न फिरणं हाच पराक्रम होता. दरीत मात्र हे वाक्य शब्दशः खरं होतं आणि त्यात पराक्रम काहीच नसतो, असतो तो निव्वळ हिशोब. सहाही जण ठणठणीत आहेत का? पाणी किती उरलं? किती वाजले? टॉर्च कुणाकडे आहेत? आम्ही यातलं काही विचारलं नाही. एकाचा गुडघा सकाळपासून दुखत होता, त्याने सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पहिला दोर लावला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. दहाच्या आत तिथे असायला हवं होतं.

आता आम्ही कड्यावर दहा मिनिटं खाली बसतो. प्रत्येकाने तोंडाने सांगायचं, ‘मी उतरतोय.’ एकाचंही ‘नको’ आलं तर सगळे साम्रदला परत. तिसऱ्या खेपेला असे आम्ही परत आलो. गावात जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली आणि संध्याकाळी रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघितलं. तो रविवार वाया गेला असं आजही कुणी म्हणत नाही.

३. टोकाची गाठ सोडा. मोठ्याने सांगून सोडा.

दोराच्या खालच्या टोकांना गाठी मारतात. उतरणारा चुकून दोराच्या टोकाबाहेर निसटू नये म्हणून. दोर ओढण्याआधी त्या सोडायच्या असतात. आमच्यातल्या एकाने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत २८ दिवसांचा बेसिक कोर्स केला आहे. दोराचं सगळं काम त्याच्याकडे. त्या दिवशी तो शेवटी उतरला, आणि तो हार्नेस सोडवत असतानाच दोघांनी घाईने पदर ओढायला घेतला. त्यात मी एक. दुसरा पदर सरसर वर गेला, टोकाची गाठही वर गेली आणि कडीत जाऊन बसली. दोर हलेना.

झटके देऊन बघितलं, लाटा सोडून बघितल्या. एक जण म्हणाला, मी दोर धरून वर चढतो. कोर्सवाल्याने त्याचा हात धरला. ‘गाठ किती अडकलीय ते इथून दिसतंय का तुला? निम्म्यावर सुटली तर?’ मग त्याने पन्नास मीटरचा, वर्गणी काढून घेतलेला तो नवा दोर हात पुरेल तितक्या उंचीवर चाकूने कापला. आवाज फारसा झाला नाही. आम्ही सगळे त्या लोंबत्या तुकड्याकडे बघत राहिलो. उरलेला दोर पुढच्या टप्प्यांना पुरला, कारण ते पंधरा-वीस फुटांचेच होते. मोठा टप्पा पुढे असता तर काय केलं असतं, याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेही नाही.

आता गाठ सोडणारा ‘एक सुटली, दोन सुटल्या’ असं ओरडतो. ते ऐकल्याशिवाय दोराला कुणी हात लावत नाही. शेवटचा माणूस वर असतानाच आम्ही खालून दोर हातभर ओढून बघतो, सरकतो की नाही ते.

४. कातळाची कड लोखंडासारखीच कापते.

हे मला गिर्यारोहणाच्या आधी बाजाराने शिकवलं होतं. क्रेनने कॉइल उचलताना पट्टा जिथे पत्र्याच्या कडेवर येतो तिथे आम्ही जाड रबर नाहीतर गोणपाट घालतो. ओझं पट्ट्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी असलं, तरी धारेवर घासणारा पट्टा तुटतो. परदेशातल्या प्रसिद्ध चिरांमधला वालुकाश्म पाण्याने घासून गुळगुळीत झालेला असतो. आपला बसाल्ट तसा नाही, तो फुटतो तेव्हा धारदार तुकडे होतात. कड्यावर दोराखाली जुन्या जीन्सचा नाहीतर ताडपत्रीचा दुमडलेला तुकडा ठेवावा, आणि प्रत्येक माणूस उतरल्यावर तो सरकला का ते बघावं. हेल्मेटही हवंच. वर माकडं असतात, वरून बघणारी माणसंही असतात. दोघांच्या पायाने दगड सुटतात.

५. पाण्यात भिजणार हे धरून चला. वाटेत दोन डोह आहेत, दुसरा हंगामाप्रमाणे कमरेच्या वर जातो. ऊन लागत नसल्याने फेब्रुवारीतही पाणी बोचतं. कोरडे मोजे आणि एक टीशर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घ्या, मोबाइल वेगळा बांधा. बास.

६. घाबरलेल्या माणसाला ‘काही नाही रे’ म्हणू नका.

४५ फुटांच्या कडेवर आमचा एक मित्र गोठला. दगडासारखा माणूस, वीस टनांचा ट्रेलर रिव्हर्स घेतो. पण कडेकडे पाठ करून मागे झुकायची वेळ आली आणि त्याचे पाय थरथरायला लागले. आम्ही आधी हसलो. त्याची लाज मला अजून वाटते. मग कोर्सवाला त्याच्याशेजारी, स्वतःला बांधून घेऊन, बसला आणि म्हणाला, ‘भावा, खाली किती आहे ते सोड. हा कॅराबिनर तू स्वतः लॉक कर. आता ओढून बघ. वजन टाक. धरतोय ना?’ त्याने तीनदा ओढून बघितलं, मग चौथ्यांदा. वेगळा सेफ्टी दोर आहे, तुझा हात सुटला तरी तू पडणार नाहीस, हे त्याला दाखवून दिलं. वीस मिनिटं गेली. तो उतरला. भीती दोर नीट तपासायला लावते, हे मी त्याच्याकडून शिकलो. आता आमच्यात सगळ्यात बारकाईने हार्नेस तोच बघतो आणि सगळे आपापला त्याला दाखवतात.

७. दोर संपले की चाल संपत नाही.

शेवटचा टप्पा उतरलो आणि आम्ही टाळ्या दिल्या. समोर बाण सुळका उभा होता, दरी रुंद झाली होती. पुढे फक्त धोंडे. घराएवढे, रिक्षाएवढे, हलणारे, उन्हाने तापलेले. गुडघ्यांची परीक्षा इथे असते. पाणीही इथेच संपतं, कारण डोहातलं गढूळ पाणी पिता येत नाही आणि सावलीत असताना आपण पीत नाही. आमच्याकडे माणशी दोन लिटर होतं, चार हवं होतं. गुडघेवाल्या मित्राची सॅक आळीपाळीने घेतली. अंधार पडला तेव्हा सहा जणांत टॉर्च दोन. साम्रद सोडल्यापासून डेहण्याचे दिवे दिसेपर्यंत बारा तास झाले.

८. कुठे चाललोय आणि कधी येणार, ते घरी लिहून ठेवा.

दरीत फोन लागत नाही. २००३ च्या एप्रिलमध्ये ॲरन रॉल्स्टन हा अमेरिकन तरुण युटामधल्या अशाच एका चिरेत एकटा गेला. धोंडा सरकून त्याचा हात भिंतीशी अडकला. कुठे जातोय ते कुणालाही न सांगता गेला होता, म्हणून मदत वेळेत पोचली नाही. पाच दिवसांनंतर स्वतःचा हात कापून तो बाहेर पडला. आमच्या बायका त्या रात्री साडेनऊपर्यंत एकमेकींना फोन करत होत्या. कुणालाच दरीचं नाव नीट माहीत नव्हतं. आता प्रत्येकाच्या फ्रिजवर चिठ्ठी असते. त्यावर गावाचं नाव, दरीचं नाव, डेहण्याच्या गाडीवाल्याचा नंबर, आणि ‘रात्री अकरापर्यंत फोन नाही आला तर ११२ ला कळवा’ एवढं लिहिलेलं. महाराष्ट्रात गिर्यारोहकांच्या बचाव पथकांना जोडणारं रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांचा नंबरही खाली. नेमकं ठिकाण माहीत असेल तरच ती मंडळी वेळेत पोचतात.

९. साम्रदचा माणूस सोबत घ्या, पैसे वाचवू नका.

या गावातली माणसं करोळी घाटाने कोकणात ये-जा करत आली आहेत. कुठला धोंडा यंदाच्या पावसात सरकला हे त्यांना माहीत असतं, आपल्याला मोबाइलच्या नकाशावर ते दिसत नाही. पुढच्या वर्षी साम्रदला गेलो तेव्हा जिथे जेवलो त्या घरातल्या मामांनी आतून एक वेटोळं आणून पुढ्यात ठेवलं. आमचा कापलेला दोर. कडीतून सोडवून वर ओढून घेतला होता, धुऊन ठेवला होता. गाठ मात्र तशीच होती. ‘ही तुमचीच ना?’ म्हणाले. त्यापुढे एक शब्द नाही.

तो तुकडा लोखंड बाजारातल्या आमच्या ऑफिसात खिळ्याला टांगलेला आहे, गाठीसकट. जानेवारीत पुन्हा निघतोय, या वेळी आठ जण. डेहण्याच्या गाडीवाल्याला सांगून झालंय.