लहान विद्युत् जनित्र : योग्य निवड व सुरक्षित वापर

१५ व १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यालगतून पुढे सरकले. ठिकठिकाणी झाडे उन्मळून विद्युत् वाहिन्यांवर पडली आणि अनेक गावांचा वीजपुरवठा खंडित झाला. अशा प्रसंगी, तसेच जत्रा, नाटके व चतुर्थीच्या उत्सवांत लहान जनित्राचा, म्हणजेच जनरेटरचा, आधार घेतला जातो. हे यंत्र उपयुक्त आहे. परंतु त्याची क्षमता चुकीची निवडल्यास पैसा व उपकरणे वाया जातात, आणि ते चुकीच्या जागी ठेवल्यास वा चुकीच्या रीतीने जोडल्यास प्राणहानी होते. म्हणून या दोन्ही बाजूंची माहिती ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांना असणे अगत्याचे आहे.

क्षमता कशी ठरवावी

सर्व उपकरणांच्या वॅटची बेरीज केली की जनित्राची क्षमता समजली, असा सार्वत्रिक समज आहे. तो अपुरा आहे. दिव्याला चालू होताना व चालू असताना जवळजवळ सारखीच वीज लागते. पंप, शीतकपाट यांसारख्या मोटर असलेल्या उपकरणांना मात्र सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक वीज लागते. हा क्षणिक भार जनित्राला पेलला नाही, तर व्होल्टेज एकदम उतरते, मोटर अडते व जळण्याचा संभव असतो.

एक उदाहरण घेऊ. एका घरात ९ वॅटचे ८ दिवे (७२ वॅट), ७५ वॅटचे ४ पंखे (३०० वॅट), १५० वॅटचे शीतकपाट आणि अर्ध्या अश्वशक्तीचा पंप आहे. हा पंप चालताना सुमारे ६०० वॅट घेतो असे धरू. म्हणजे चालू भार १,१२२ वॅट झाला. पंप सुरू होताना सुमारे १,८०० वॅट, म्हणजे १,२०० वॅट अधिक घेईल. तेव्हा एकूण गरज २,३२२ वॅट होते. त्यात २० टक्के राखीव धरल्यास सुमारे २,८०० वॅटचे जनित्र लागेल. क्षमता के.व्ही.ए.मध्ये दिली असेल व पाटीवर शक्तिगुणक ०.८ असेल, तर हेच जनित्र ३.५ के.व्ही.ए.चे असावे लागेल. पाटीवर कमाल व अखंड असे दोन आकडे असल्यास निवडीसाठी अखंड क्षमतेचा आकडा धरावा.

आता हाच पंप इतर सर्व उपकरणे बंद ठेवून, टाकी भरण्यापुरता स्वतंत्रपणे चालविला तर? तेव्हा सर्वाधिक गरज पंपाच्या १,८०० वॅटची राहील आणि राखीव धरून सुमारे २,२०० वॅटचे जनित्र पुरेल. कामांची वेळ विभागून घेतल्यास लहान यंत्रावर भागते, हे यावरून स्पष्ट होईल. गरजेपेक्षा फार मोठे जनित्र घेणेही हिताचे नाही. अल्प भारावर ते इंधन वाया घालविते.

न दिसणारा विषारी वायू

जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. झोपलेला मनुष्य जागा न होताच दगावू शकतो.

म्हणून जनित्र घरात, पडवीत, गॅरेजमध्ये, दुकानाच्या आतल्या खोलीत किंवा रंगमंचाखाली कदापि चालवू नये. खिडकी उघडी ठेवली वा पंखा लावला, एवढ्याने धोका टळत नाही. यंत्र स्वतःच्या व शेजाऱ्यांच्या दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर, म्हणजे २० फूट, दूर उघड्यावर ठेवावे व धुराची नळी वस्तीच्या विरुद्ध दिशेला करावी. पावसाळ्यात उंच, कोरड्या जोत्यावर चारही बाजूंनी मोकळे असे छप्पर उभारावे. चालू यंत्रावर प्लॅस्टिक झाकू नये. डोकेदुखी, भोवळ, मळमळ अशी लक्षणे एकाच वेळी अनेकांना जाणवू लागल्यास सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वाहिनीवरील कामगाराचा जीव

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर भिंतीवरील सॉकेटात खुपसून घराला वीज देण्याची रीत काही ठिकाणी आढळते. ती अत्यंत घातक आहे. मुख्य स्विच चालू राहिल्यास ही वीज उलट दिशेने बाहेरच्या वाहिनीत जाते. रोहित्र उलटही कार्य करीत असल्याने २३० व्होल्टची वीज तेथे हजारो व्होल्टची होऊ शकते. वाहिनी मृत आहे असे समजून खांबावर चढलेल्या वीज कर्मचाऱ्याचा त्यात बळी जाऊ शकतो. यावर एकच उपाय आहे. परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्यामुळे घर एका वेळी वाहिनीला किंवा जनित्राला, यांपैकी एकालाच जोडलेले राहते. भूसंपर्क, म्हणजे अर्थिंग, व गळती-प्रवाह तोडणारा स्विच यांचीही खात्री त्याच्याकडूनच करून घ्यावी. चेंजओव्हर नसेल, तर उपकरणे जाड, अखंड वायरने थेट जनित्रालाच जोडावीत. वायर गुंडाळलेली ठेवू नये; ती तापते.

दैनंदिन दक्षता

इंजिनातील तेलाची पातळी पाहूनच यंत्र सुरू करावे. प्रारंभी भार न देता दोन-तीन मिनिटे चालू ठेवावे. नंतर प्रथम मोटरची व मागाहून इतर उपकरणे एकेक करून जोडावीत. बंद करताना आधी भार काढावा. चालू वा तप्त यंत्रात पेट्रोल ओतणे म्हणजे आगीला निमंत्रण होय. यंत्र बंद करून, ते थंड झाल्यावरच इंधन भरावे. इंधनाचा डबा घरात वा यंत्राजवळ ठेवू नये. ओल्या हातांनी स्विच हाताळू नयेत व मुलांना जवळ फिरकू देऊ नये. यंत्र दीर्घकाळ ठेवून द्यावयाचे असल्यास टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या घरातील उपकरणांच्या पाट्या वाचून वरीलप्रमाणे भाराचे कोष्टक करवून घ्यावे. गणिताचा पाठ त्यातून होईलच. शिवाय पुढील वादळापूर्वी घराघरांत हा हिशेब तयार राहील, आणि जनित्र कोठे ठेवू नये हे मुलेच वडीलधाऱ्यांना सांगू शकतील.