रेचक औषध : किती, केव्हा व कोठवर

प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पोटाच्या विकाराविषयी एक लहानशी सूचना आहे. ती द्राक्षारसाविषयी असल्यामुळे तिजवर वादच पुष्कळ होतो. परंतु तीत प्रमाण थोडे सांगितले असून कारणही सांगितले आहे, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वऱ्हाडातील आपल्या घरोघरी या दोन गोष्टींचा विसर ज्या औषधाच्या बाबतीत सर्वांत अधिक पडतो, ते औषध म्हणजे रेचक.

प्रथम मलावरोध कशास म्हणावे हे पाहू. रोज सकाळी शौचास झालेच पाहिजे असा देहाचा नियम नाही. आठवड्यातून तीन वेळांहूनही कमी होणे, मळ कठीण होणे, फार कुंथावे लागणे, ही त्याची लक्षणे होत. आपल्या प्रांती त्याची कारणेही उघड आहेत. वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो व शरीरातील पाणी घामावाटे जाते. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात तर विहिरीचे पाणी घोटवत नाही. कापूस वेचणाऱ्या कित्येक भगिनी आडोसा नसल्यामुळे दिवस मावळेपर्यंत वेग दाबून धरतात. तेवढा वेळ मोठे आतडे मळातील पाणी शोषून घेत राहते, आणि मळ खड्यासारखा होतो. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली ज्या जिल्ह्यात झाला, त्या अमरावती जिल्ह्यात तरी शेतावर आडोशाची सोय करण्यास कोणी सांगावे लागू नये! गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांनीही पोट जड होते. म्हणून त्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत, आरोग्य केंद्रात सांगावे.

अशा वेळी एक-दोन रात्री रेचक घेण्यास हरकत नाही. सोनामुखी हे त्यांतील जुने व परीक्षिलेले औषध होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत तिला स्थान आहे. तिच्यातील द्रव्य मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जंतूंकडून पालटते, आणि मग आतड्याच्या भिंतीस चेतवून हालचाल वाढवते. या प्रवासास सहा ते बारा तास लागतात. बिसाकोडिलच्या गोळीचेही साधारण असेच आहे. म्हणून औषध निजताना घ्यावे व सकाळपर्यंत वाट पाहावी. पहाटे गुण दिसला नाही म्हणून दुसरी मात्रा घेणारा मनुष्य दुपारी शेतात, भर उन्हात, दोन्ही मात्रांचे फळ एकदमच भोगतो. आणि त्या उन्हात जुलाबाने जाणारे पाणी व क्षार सहज भरून येत नाहीत.

प्रौढास बिसाकोडिलची ५ मिलिग्रॅमची एक गोळी आरंभी पुरते. ती चावू वा फोडू नये. दुधाबरोबर किंवा आम्लपित्ताच्या औषधाबरोबर घेऊ नये, कारण त्यांनी तिचे वरचे वेष्टन जठरातच विरघळते व मुरडा येतो. मुलांना डॉक्टरांच्या सांगण्यावाचून यांतील काहीच देऊ नये. दर रविवारी लेकरांना एरंडेल पाजण्याची चाल कित्येक घरी होती. ती गेली हे बरेच झाले. गर्भवतीने तर एरंडेल घेऊच नये, त्याने गर्भाशयास कळा येऊ शकतात. एरंडाच्या बिया व जमालगोटा ही विषे आहेत. त्यांस औषध म्हणून हात लावू नये.

आता मुख्य फसगत कोठे होते ते सांगतो. रेचकाने आतडे एकदम रिकामे होते. ते पुन्हा भरण्यास दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढ्यात शौचास न होणे हे अगदी स्वाभाविक आहे. परंतु घरातील वडील मंडळी म्हणतात, “पुन्हा कोठा धरला,” आणि पुन्हा चमचा भरून चूर्ण घेतात. मग तेच चक्र वर्षानुवर्षे चालते. बाजारातील ‘पोट साफ’ करणाऱ्या चूर्णांत बहुधा सोनामुखीच असते; वनस्पतीचे म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत भोळी आहे. नित्य सेवनाने शरीरातील पोटॅशियम घटते, हातपाय गळतात; हृदयविकाराची किंवा लघवी वाढविणारी औषधे चालू असणाऱ्यास तर धोका अधिक. यास्तव एका आठवड्यापलीकडे रेचक आपल्या मनाने घेऊ नये. या अवधीत पाणी, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, पेरू, सालीखालच्या पांढऱ्या रेषांसकट मोर्शी-वरुडची संत्री, यांवर भर द्यावा. इसबगोल घेतल्यास त्यावर पुष्कळ पाणी प्यावे, नाही तर तो घशात किंवा आतड्यात अडकतो. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, त्याने मात्र ते डॉक्टरांस विचारूनच वाढवावे.

एका प्रसंगी मात्र एकही मात्रा घ्यायची नाही : पोटात दुखत असता. उजव्या कुशीत खाली कळ, ताप, ओकारी, पोट फुगून वाराही न सरणे, यांत आंत्रपुच्छाचा दाह किंवा आतड्यास पडलेला पीळ असू शकतो. तेथे रेचक दिल्यास सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याची भीती असते. मळात रक्त दिसणे, वजन उतरणे, किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय एकाएकी पालटणे, हीही चूर्णाने झाकून ठेवण्याची लक्षणे नव्हेत. अमरावतीस इर्विन व अकोल्यास सर्वोपचार ही सरकारी रुग्णालये आहेत. पोटदुखी असेल तर रात्र काढीत न बसता रोग्यास न्यावे, वाटेत काही खाऊपिऊ घालू नये, आणि आधी काही चूर्ण वा गोळी दिली असेल तर तिची पुडी डॉक्टरांस दाखविण्यासाठी बरोबर घ्यावी.