चेंबरचा बोल्ट गळतो कुठून?

ट्रॅक्टर असो, जीप असो की घरची छोटी गाडी, इंजिनाचे तेल घरीच बदलणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही. काम अवघड नाही आणि चार पैसे वाचतात. पण तेल बदलल्यावर आठ दिवसांत उभ्या गाडीखाली काळा डाग दिसू लागतो. मग बोल्ट आणखी आवळला जातो. डाग जात नाही, म्हणून पुन्हा आवळला जातो. शेवटी चेंबरचे आटेच जातात आणि वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च गॅरेजात होतो.

डाग लहान दिसला तरी इंजिन चालू असताना तेल गरम व पातळ होते आणि गळती वाढते. सेकंदाला एक थेंब पडतो असे धरा. वीस थेंबांचे १ मिलिलिटर धरले तर तासाला १८० मिलिलिटर आणि आठ तासांच्या नांगरटीत जवळजवळ दीड लिटर तेल गेले. लहान गाडीच्या चेंबरमध्ये मुळात तीन-चार लिटरच असते. तेल संपल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो, हे दहा कुमारींचा दाखला ऐकणाऱ्यांना सांगायला नको. बेअरिंग जळाल्यावर नवे तेल ओतून इंजिन सुधारत नाही.

आता मूळ प्रश्न. पंपाच्या लोखंडी पाइपाला आपण सूत-सफेदा लावतो किंवा टेफ्लॉनची पट्टी गुंडाळतो, आणि जोड गळत नाही. तीच सवय आपण चेंबरच्या बोल्टाला लावतो. मीही एकेकाळी लावली आहे, आणि वर मोठ्या अभिमानाने. पण दोन्ही आट्यांत फरक आहे. पाइपाचे आटे निमुळते असतात. फिरवू तसे ते एकमेकांत घट्ट रुततात आणि उरलेली फट सूत भरते. चेंबरच्या बोल्टाचे आटे बहुधा सरळ असतात. त्यांचे काम फक्त बोल्ट ओढून धरणे. तेल अडवतो तो बोल्टाच्या डोक्याखालचा वॉशर. तांब्याचा, ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा हा वॉशर दोन सपाट पृष्ठांमध्ये थोडा चेपला जातो आणि बारीक ओरखडे भरून काढतो. म्हणून गळती आट्यात शोधू नये, वॉशरखाली शोधावी. (काही गिअरबॉक्सना मात्र बिनवॉशरचे निमुळते बोल्ट असतात. काढताना नीट पाहावे.)

सूत, शेलॅक किंवा सिलिकॉनचा लेप आट्यांना लावला तर गळती थोडे दिवस लपते. पण त्याचे तुकडे आत पडून तेल ओढणाऱ्या जाळीवर बसू शकतात, आणि जाळी तुंबली की चेंबर भरलेले असूनही इंजिन कोरडे राहते. टेफ्लॉनने बोल्ट गुळगुळीत फिरतो, त्यामुळे हाताला अंदाज न येता जास्त आवळला जातो. ॲल्युमिनियमच्या चेंबरला तेवढे पुरे होते.

वॉशर दर वेळी नवा घालावा. किंमत किरकोळ असते. तेल घेतानाच दोन जादा आणून ठेवावेत. चेपलेला तांब्याचा वॉशर कडक होतो. अगदीच अडले तर तो लालसर होईपर्यंत तापवून गार करावा, वरची काळी पापडी घासून काढावी, म्हणजे तो पुन्हा मऊ होतो. तांबे पाण्यात बुडवून गार केले तरी पोलादासारखे कडक होत नाही. ॲल्युमिनियमवर हा प्रयोग करू नये.

काम सपाट जागी, इंजिन कोमट असताना करावे. उकळते तेल हातावर आले तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. तूप, हळद, टूथपेस्ट काही लावू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. बोल्ट बरोबर मापाच्या रिंग पान्याने सोडवावा, छिन्नी-हातोडीने नव्हे. जुना वॉशर चेंबरला चिकटून राहिला नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. एकावर एक दोन वॉशर बसले की गळती ठरलेलीच. दोन्ही पृष्ठे कोरड्या फडक्याने पुसावीत. बोल्ट हातानेच बसवायला सुरुवात करावी. तो सहज फिरत नसेल तर आटा वाकडा धरला आहे, मागे घ्यावा. शेवटी पान्याने आवळायचे ते माहितीपुस्तिकेतील मापाने. बऱ्याच लहान गाड्यांत ते ३ ते ४ किलोग्रॅम-मीटर असते, म्हणजे वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला १५ ते २० किलोचा जोर. पान्याला पाइप जोडून अंगाचा भार टाकणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

तेल भरून इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, थांबवून पाच-दहा मिनिटांनी तेलाची पट्टी पाहावी आणि रात्री गाडीखाली जुना कागद पसरावा. हे काम शनिवारी उरकावे. रविवारी मिस्सेला निघताना गळती दिसली तर अख्खी ट्रॉली खोळंबते. सकाळी कागद ओला असेल तर पाना उचलण्याआधी वॉशर पाहावा.

राहिले जुने तेल. बैलाच्या खांद्यावर, जखमेवर किंवा स्वतःच्या भेगांवर ते लावण्याची चाल अजून आहे. ती सोडावी. इंग्लंडातील लँकेशायरच्या सूतगिरण्यांत खनिज तेलाने कपडे भिजून वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कामगारांना त्वचेचा कर्करोग होतो, हे १९२० च्या दशकात उघड झाले. इंजिनातून निघालेल्या तेलात तर जळणाची काजळीही मिसळलेली असते. हातमोजे घालावेत, हात साबणाने धुवावेत, पेट्रोल-डिझेलने नव्हे, आणि तेलकट फडके खिशात ठेवू नये.

ते तेल बांधावर किंवा विहिरीजवळही ओतू नये. बुऱ्हाणपूरच्या माणसाला जमिनीखालचे पाणी कसे चालते हे कुंडी भंडाऱ्यात उतरून पाहता येते. १६१५ च्या सुमारास बांधलेली ती रचना सातपुड्याच्या उतारावर झिरपणारे पाणी एकाही पंपाशिवाय, शंभराहून अधिक कुंड्यांखालून शहराकडे नेत आली. जे पाणी असे चालते, त्याच्याबरोबर वरून झिरपलेली घाणही चालते. केळीच्या बागेत ओतलेले तेल खालच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या विहिरीला लागू शकते. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते घट्ट झाकणाच्या डब्यात, पाणी-माती न मिसळता साठवावे आणि असे तेल गोळा करून पुनर्प्रक्रियेसाठी पाठवणाऱ्या गॅरेजात द्यावे. डबा पिण्याच्या पाण्याचा किंवा खाद्यतेलाचा नसावा. वापरलाच तर त्यावर खूण करून मुलांच्या हाताबाहेर ठेवावा.