विज्ञान शोधायचं कुठे?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. विज्ञानाचं काही शोधलं की चमत्कारांचे व्हिडिओच समोर येतात. मराठीत खात्रीचं काही आहे का?

उत्तर : आहे. आधी ‘फेट’ उघडा. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा उपक्रम मोफत आहे आणि त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत. मुलीला त्यात दोन बल्ब आधी एकसर, मग समांतर जोडू द्या. एक काढला की दुसरा कधी विझतो, हे तिला स्वतःच दिसेल. पाठ करायला काही उरत नाही! टाकाऊतून खेळणी करायची तर अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ पाहा. तिथे मराठी पुस्तकंही फुकट मिळतात. संज्ञा अडली तर मराठी विश्वकोश.

चमत्कारांचं म्हणाल, तर ‘ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा निरोप दरवर्षी फिरतो. मूळ घटना 27 ऑगस्ट 2003 ची. मंगळ तेव्हा खरोखरच जवळ आला होता, तरी साडेपाच कोटी किलोमीटरहून लांबच. डोळ्यांना दिसला तो ठिपकाच. असा निरोप आला की सांगणारा कोण आणि माहिती कधीची, एवढं मुलीलाच शोधायला लावा.